पाऊल का अडते? कण्यातील अरुंद नलिकेची ओळख

पेढीपासून जिनमंदिरापर्यंतचा रस्ता चाळीस वर्षे तोच असतो. बदललेले असते ते त्या रस्त्यावरचे चालणे. पासष्टी ओलांडलेले एक व्यापारी गृहस्थ सकाळी दर्शनाला निघतात. दीडशे-दोनशे पावले होतात न होतात तोच दोन्ही मांड्या जड होतात, पोटऱ्यांत मुंग्या येतात, पायांना जणू कोणी शिसे बांधले आहे असे वाटते. ते ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर टेकतात. दुकानदाराशी दोन शब्द बोलून होईपर्यंत पाय पूर्ववत होतात. ते पुन्हा उठतात आणि पुढच्या ओट्यापर्यंत जातात. वर्षभरात ओट्यांची संख्या वाढत जाते. मग एके दिवशी ते घरच्याच देव्हाऱ्यापुढे हात जोडतात.

कोणत्याही पेठेत दिसणारे हे चित्र आहे. घरातील मंडळी म्हणतात, "बापूजी, आता वय झाले, घरीच माळ फेरा." बापूजींनाही ते पटते, कारण पेढीच्या गादीवर लोडाला टेकून बसले की कसलीच वेदना नसते. बसल्यावर ठणठणीत आणि चालताना असहाय, या विसंगतीमुळे त्यांची तक्रार कोणी फारशी मनावर घेत नाही. वस्तुतः त्या विसंगतीतच निदानाची किल्ली असते. या विकाराला कण्याच्या नलिकेचे आकुंचन म्हणतात. तो ओळखता येतो आणि बहुतेक वेळा त्यावर उपायही असतो.

नलिका अरुंद का होते?

पाठीचा कणा हा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा स्तंभ आहे. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाची एक कमान असते. या कमानी एकाखाली एक आल्याने जी नलिका तयार होते, तिच्यातून मेंदूकडून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी हा रज्जू संपतो आणि तेथून पुढे मज्जातंतूंचा एक झुपका नलिकेतून खाली जातो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसत असल्याने वैद्यकात त्याला तसेच नाव मिळाले आहे. पायांची शक्ती, तळव्यांची संवेदना, तसेच लघवी व शौच यांवरील नियंत्रण या तंतूंवर अवलंबून असते.

प्रौढ माणसात कमरेतील ही नलिका पुढून मागे साधारणतः १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद असते. वयपरत्वे मणक्यांमधील चकत्या झिजतात व मागे फुगतात; मागचे छोटे सांधे जाड होतात; हाडांना कंगोरे फुटतात; आणि कमानींना जोडणारा पिवळसर स्नायुबंध स्थूल होऊन आत दुमडतो. चारही बाजूंनी भिंती जाड झालेल्या खोलीत माणसांची जी दाटी होईल, तीच येथे मज्जातंतूंची होते. ही रुंदी १० मिलिमीटरच्या खाली गेली की आकुंचन स्पष्ट मानले जाते. चौथ्या व पाचव्या कटिमणक्यांच्या दरम्यान ते सर्वाधिक आढळते. काहींची नलिका जन्मतःच अरुंद असते. त्यांना हा त्रास लवकर गाठतो. नेदरलँड्समधील शल्यविशारद हेंक वर्बीस्ट यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विकाराचे स्वरूप स्पष्टपणे मांडले आणि पायांच्या या दुखण्याचे मूळ कमरेत असते, हे वैद्यकविश्वाला पटवून दिले.

लोकांच्या बोलण्यात "मणक्यात गॅप आली" किंवा "नस दबली" असे सरसकट म्हटले जाते. परंतु एखादी चकती एकाएकी सरकून एका पायात कळ उतरणे वेगळे आणि वर्षानुवर्षांच्या झिजेने सगळी नलिकाच अरुंद होणे वेगळे. दोन्हींची वाटचाल निराळी आणि उपचारही निराळे.

बसल्यावर आराम का पडतो?

माणूस ताठ उभा राहिला वा मागे झुकला की कमरेची कमान वाढते, स्नायुबंध आत दुमडतो आणि नलिका आणखी अरुंद होते. पुढे वाकले की हीच नलिका किंचित मोकळी होते. म्हणून गादीवर बसताना त्रास नसतो, गल्ल्यावर कोपरे टेकून उभे राहिले तर चालते, सायकल मैलभर चालवता येते. पण हात मोकळे सोडून सरळ चालले की दोनशे पावलांत पाय अडतात. बाजारात चाकांच्या गाडीवर झुकून चालणारे आजोबा गाडी सोडताच थांबतात, त्याचेही कारण हेच.

तीर्थयात्रेत हा फरक विशेष जाणवतो. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढताना शरीर आपोआप पुढे झुकते. उतरताना तोल सावरण्यासाठी ते मागे रेलते. म्हणून दमा वा हृदयविकाराच्या रुग्णाला चढण जड जाते, तर अरुंद नलिकेच्या रुग्णाला पुष्कळदा उतरणच अधिक सतावते. "चढताना बरे होते, उतरताना पाय गेले," हे वाक्य घरच्यांनी ऐकले तर ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. उभ्याने केलेल्या दीर्घ कायोत्सर्गात पाय बधिर होणे आणि बसून केलेल्या सामायिकात काहीच न होणे, हीदेखील तशीच खूण आहे.

दिसायला सारखे, पण वेगळे

चालताना पाय दुखण्याची इतर कारणेही आहेत आणि ती वगळल्याशिवाय निदान पुरे होत नाही. पहिले कारण पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद होणे. तंबाखू, मधुमेह व उच्च रक्तदाब यांच्या संगतीने येणारा हा विकारही चालताना पोटऱ्या दुखवतो. पण त्यात नुसते थांबले तरी आराम पडतो, बसण्याची वा वाकण्याची गरज नसते. सायकल चालवतानाही दुखते. पावलांवरची नाडी क्षीण लागते. घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून दोहोंची तुलना केली की शंका बरीचशी फिटते. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या नऊ-दशांशाहून कमी भरला तर रक्तवाहिन्यांची तपासणी आवश्यक ठरते.

दुसरे कारण मधुमेहामुळे झालेली मज्जातंतूंची हानी. त्यात तळव्यांची आग, बहुधा रात्री, होते आणि बसण्या-उभे राहण्याशी तिचा संबंध नसतो. तिसरे कारण खुब्याच्या सांध्याची झीज. त्यात जांघेत कळ येते आणि मांडी घालणे अवघड होते.

चौथ्या कारणाकडे जैन कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून जवळजवळ मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते प्रामुख्याने दूध, दही, ताक यांतूनच मिळते आणि तेही पुष्कळदा अपुरे पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता आणखी वाढते. या कमतरतेने पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते. निदान साध्या रक्तचाचणीने होते. औषधातील बी-१२ सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार करतात. एकाच व्यक्तीत अरुंद नलिका आणि बी-१२ची उणीव दोन्ही असू शकतात. अशा वेळी केवळ मणक्यावर शस्त्रक्रिया करून मुंग्या जात नाहीत आणि दोष शल्यविशारदाच्या माथी येतो.

छायाचित्र आणि माणूस

डॉक्टरांच्या खोलीत रुग्ण बसलेला असतो आणि बसलेल्या अवस्थेत हा विकार लपून राहतो. पायांची शक्ती व प्रतिक्षिप्त क्रिया पुष्कळदा ठीक लागतात. म्हणून जाणकार डॉक्टर रुग्णाला बाहेरच्या व्हरांड्यात चालवून पाहतात आणि त्रास सुरू झाल्यावर पुन्हा तपासतात. व्यापारी माणसाला रोजमेळ लिहिण्याची सवय असतेच. तपासणीपूर्वी आठ दिवस तसाच एक रोजमेळ चालण्याचाही लिहावा. किती मिनिटांनी त्रास सुरू झाला, कोठे झाला, थांबून गेला की बसून गेला, आराम पडण्यास किती वेळ लागला, एवढ्या चार नोंदींनी निदानाला मोठा हातभार लागतो.

उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये मणक्यांची रचना दिसते. पुढे व मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये एखादा मणका सरकतो आहे का, हे कळते. मज्जातंतूंवरील दाब मात्र एमआरआय तपासणीतच नीट दिसतो. ज्यांच्या हृदयात एमआरआयला न चालणारा जुना पेसमेकर आहे, त्यांच्यासाठी कण्यात रंगद्रव्य सोडून सीटी स्कॅन करण्याचा पर्याय असतो.

येथेच सर्वांत मोठी चूक होण्याचा संभव असतो. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी वा पायदुखी कधीच न झालेल्या ६७ व्यक्तींचे एमआरआय तपासले गेले. साठ वर्षे व त्यापुढील व्यक्तींपैकी सुमारे ५७ टक्क्यांच्या चित्रांत दोष आढळला आणि सुमारे २१ टक्क्यांत तर नलिकेचे आकुंचन दिसले. ही सर्व माणसे वेदनामुक्त होती. अहवालातील 'तीव्र आकुंचन' हे शब्द वाचून घाबरणे जसे चुकीचे, तसेच केवळ त्या शब्दांवर शस्त्रक्रियेचा दिवस ठरवणेही चुकीचे.

वस्तूला अनेक धर्म असतात आणि एका दृष्टीने पाहिलेले सत्य अपुरे असते, ही अनेकान्ताची शिकवण जैन घरात लहानपणापासून कानावर पडते. एमआरआय ही एक दृष्टी आहे, डॉक्टरांचा हात ही दुसरी, आणि रुग्णाने सांगितलेली रस्त्यावरची हकीकत ही तिसरी. तिन्ही जुळल्या तरच निदान पक्के. चित्रात डावीकडे दाब आणि दुखतो उजवा पाय, असे असेल तर पुन्हा विचार करणे भाग आहे.

जेथे थांबू नये

हा विकार सहसा संथ असतो. सौम्य व मध्यम त्रास असलेल्या अनेकांची स्थिती वर्षानुवर्षे फारशी बिघडत नाही, काहींची सुधारतेही. त्यामुळे विचार करण्यास वेळ असतो. परंतु काही लक्षणे याला अपवाद आहेत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, गुदद्वार व जांघांच्या आतील भाग बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. येथे विलंबाने झालेली हानी कायमची ठरू शकते. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे किंवा पूर्वीच्या कर्करोगाचा इतिहास असेल तरीही तपासणी लांबवू नये.

दुसरा अपवाद मानेचा. तेथील नलिका अरुंद झाली तर दाब प्रत्यक्ष मज्जारज्जूवर पडतो. वेदना अल्प असते, म्हणून ती फसवी ठरते. नोटा मोजताना बोटे अडखळणे, सदऱ्याची बटणे न लागणे, वहीतील अक्षर बिघडणे, अंधारात तोल जाणे, ही तिची लक्षणे आहेत. बँकेने सही जुळत नाही म्हणून धनादेश परत केला, तर तो केवळ वयाचा परिणाम समजू नये. अशा रुग्णाने मणक्याच्या तज्ज्ञाकडे लवकर जावे आणि मान कोणाकडूनही मोडून घेऊ नये.

शस्त्रक्रियेविना उपचार

कमरेच्या आकुंचनात प्रारंभ बहुधा व्यायामाने होतो. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणे, पोटाचे व नितंबांचे स्नायू बळकट करणे, स्थिर सायकल चालवणे, हे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकून घ्यावेत. पाठ मागे वाकवणारी आसने टाळावीत. चालणे सोडू नये. त्रास सुरू होईपर्यंत चालावे, बसावे, पुन्हा चालावे. काठी वा चाकांचा आधार घेण्यात कमीपणा नाही. त्यामुळे शरीर पुढे झुकते आणि अंतर वाढते. कंबरपट्टा थोड्या काळापुरता ठीक आहे. तो कायमचा सोबती झाल्यास स्नायू दुबळे होतात. वजन घटवणे हिताचे.

वेदनाशामक गोळ्या जपून घ्याव्यात. त्यांतील अनेक गोळ्या जठर व मूत्रपिंडांना अपाय करतात. उपवासात, पाणी कमी पोटात जात असताना, हा धोका वाढतो. पर्युषणात तप करणाऱ्यांनी अशा गोळ्या घेऊ नयेत आणि मधुमेहाच्या औषधांबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. चौविहाराचा नियम असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगावा. बहुतेक औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. संकोचाने न सांगणे आणि मग रात्रीची गोळी गुपचूप वगळणे, यात हित नाही. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिली जाणारी काही औषधे कॅप्सूलमध्ये असतात व तिचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. गोळीच्या रूपातील पर्याय आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. याच औषधांनी गुंगी येऊन वृद्ध पडतात, हेही ध्यानी असावे.

कण्यात दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड इंजेक्शनबद्दल अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ बधिर करणारे औषध आणि त्यासोबत स्टेरॉइड या दोहोंत सहा आठवड्यांनंतर फारसा फरक दिसला नाही. मधुमेहींची साखर या इंजेक्शनने काही दिवस वाढते, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधी सांगणे अत्यावश्यक असते.

शस्त्रक्रियेचा निर्णय

काही महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही चालण्याचे अंतर घटतच असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. तीत मणक्याच्या कमानीचा काही भाग व जाड झालेला स्नायुबंध काढून मज्जातंतूंना जागा करून देतात. पायांचे दुखणे व चालणे यांत तिचा गुण अधिक खात्रीने येतो. निव्वळ कंबरदुखीत तितका येत नाही. जुना बधिरपणा राहूनही जातो. आवरणाला छेद जाणे, जंतुसंसर्ग, पायांत रक्ताच्या गुठळ्या होणे, पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागणे, हे धोके आहेत. वय हा एकटा अडसर नसतो. हृदय, फुप्फुसे आणि साखर यांची स्थिती अधिक महत्त्वाची.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेतील २००८ सालच्या एका मोठ्या चाचणीत प्रत्यक्ष शस्त्रक्रिया झालेल्यांना दोन वर्षांनंतर अधिक आराम होता. मात्र चिठ्ठी टाकून शस्त्रक्रियेविना ठेवलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी पुढे ती करून घेतली आणि शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्यांपैकी केवळ ६७ टक्क्यांनी ती केली, त्यामुळे तुलना काटेकोर राहिली नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, १६९ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि शिस्तबद्ध फिजिओथेरपी या दोन गटांची दोन वर्षांनंतरची स्थिती सारखीच आढळली; तेथेही फिजिओथेरपीच्या गटातील ५७ टक्क्यांनी शेवटी शस्त्रक्रिया स्वीकारली. तात्पर्य असे की, व्यायामाने सुरुवात करणारा काही गमावत नाही आणि नंतर शस्त्रक्रिया स्वीकारणारा हरलेला नसतो.

स्क्रू व सळया घालून मणके जोडण्याचा सल्ला मिळाला तर एक प्रश्न अवश्य विचारावा: "माझ्या बाबतीत नुसती जागा मोकळी करणे का पुरेसे नाही?" स्वीडनमध्ये ५० ते ८० वर्षांच्या २४७ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणके जोडलेल्यांना दोन वर्षांनंतर अधिक लाभ झालेला दिसला नाही, रुग्णालयातील मुक्काम व खर्च मात्र वाढला. मणका अस्थिर असेल वा कण्याला मोठा बाक असेल तर जोडणे गरजेचे असू शकते. कारण समजून घ्यावे, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. लाखांचा माल घेताना दोन ठिकाणी भाव विचारणाऱ्याला हे शिकवावे लागू नये.

घरच्यांचे काम

निर्णय शेवटी रुग्णाचा आहे, आणि तो एमआरआयच्या फिल्मवर नव्हे तर जगण्यावर ठरावा. एखाद्याला गादीवर बसून व्यापार पाहता आला व दारापाशी गाडी आली की पुरते. दुसऱ्याला दररोज पायी दर्शनाला जाणे हेच आयुष्याचे सार वाटते. दोघांची चित्रे सारखी असली तरी उत्तरे भिन्न असू शकतात. मुलांनी वडिलांना विचारावे, "तुम्हाला कोठपर्यंत चालायचे आहे?" त्या उत्तरावर उपचारांची दिशा ठरते.

तोवर धर्मक्रिया सोडण्याचे कारण नाही. अशक्त साधकाने बसून कायोत्सर्ग करावा, याला परंपरेत स्थान आहे. यात्रेला जाताना उतरणीसाठी डोली ठरवावी, काठी घ्यावी, वाटेत बसण्याची मुभा ठेवावी. आणि रस्त्यावरच्या ओट्यावर टेकलेल्या वृद्धाला "चला, किती बसता?" असे म्हणण्यापूर्वी दोन मिनिटे त्यांच्याजवळ बसावे. त्यांचे पाय नेमके केव्हा अडतात आणि केव्हा मोकळे होतात, हे ऐकून घेणारे माणूस घरात असणे, ही या विकाराच्या उपचारांची पहिली पायरी आहे.

जय जिनेंद्र.